शिक्क्याचं माप

रहस्यकथांची एक जात मला फार आवडते. तिच्यात रक्त सांडत नाही, पिस्तूल निघत नाही, आणि पोलीस आलेच तर चहा पिऊन जातात. गाव लहान असतं. सगळे सगळ्यांना ओळखत असतात. मध्यभागी बहुधा एखादं दुकान असतं, पावाचं, पुस्तकांचं नाहीतर लोकरीचं, घरच्याच माणसांनी चालवलेलं. एखादी वस्तू नाहीशी होते, कुणावर तरी नाहक आळ येतो, आणि दुकानात बसणारं माणूस ते कोडं सोडवतं. इंग्रजीत अशा पुस्तकांनी कपाटं भरली आहेत. मराठीत ती क्वचित दिसतात याचं मला वाईट वाटतं, कारण अशा कथेला लागणारं सगळं सामान खानदेशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, कुठल्याही जुन्या किराणा दुकानात तयार पडलेलं आहे.

आमचं दुकान चोपड्याचं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधल्या काळ्या रानातून बाजाराला येणारी गावं. पुढे दुकान, मागे घर, मधे एक जाड पडदा. आबा, म्हणजे माझे आजोबा, गादीवर बसत. काका तराजूवर, वडील बाहेरच्या खरेदीला, आई आणि आजी मागच्या पडवीत डाळी निवडायला. गिऱ्हाइकं आबांना जिभाऊ म्हणत. भिंतीला लागून पत्र्याचे चौकोनी डबे रचलेले असत आणि त्यांतले बरेचसे अमळनेरच्या वनस्पती तुपाचे रिकामे डबे होते. १९४५ साली अमळनेरला निघालेली ती कंपनी पुढे विप्रो म्हणून जगभर गेली. तिच्या डब्यांत आमच्याकडे हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे वर्षानुवर्षं सुखरूप राहिले.

किराणा दुकानात माणूस सामान न्यायला येतो आणि जाताना घरची बातमी ठेवून जातो. डिंक, खारीक, सुंठ आणि अळीव एकाच यादीत आले की त्या घरात बाळंतीण आली. चहाची मोठी पुडी नेणारं घर रोज छोटी पुडी मागू लागलं की तिथे हात आखडला. चैत्रात कुणी पापडखार किती नेला यावरून त्या घरच्या पापडांचा अंदाज यायचा, आणि पापड एकदम वाढले की लग्न ठरल्याचा. एका म्हाताऱ्या बाईची यादी दर महिन्याला शेजारच्या शाळकरी मुलाच्या अक्षरात यायची. एकदा अक्षर बदललं, तेव्हा दोन घरांचं बोलणं बंद झाल्याचं आबांनी यादी वाचता वाचता ओळखलं. श्रावणात कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या सणाआधी शेजारची पिठाची गिरणी धुऊन घेत आणि मग नैवेद्याच्या रोटांची दळणं लागत. ज्या घरचं दळण वर्षानुवर्षं एका डब्यात यायचं ते एखाद्या साली दोन डब्यांत आलं, की भाऊ वेगळे झाले हे गावाच्या आधी गिरणीला आणि गिरणीच्या ओट्यावरून आम्हाला कळे.

वहीत याहून खोलवरचं दिसायचं. मृग लागला की एकेका खात्यावर नावे पडत जायचं, आणि कापूस विकला गेला की जमा व्हायला लागायचं. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापसाचे चुकारे मग हप्त्याहप्त्याने मिळू लागले आणि आमच्या वहीतली जमेची बाजूही तशीच लांबत गेली. आबा त्या दिवसांत वही उघडून बराच वेळ नुसते बघत बसत. कुणाकडे तगादा लावायचा आणि कुणाला आणखी चार महिने काही बोलायचं नाही, हे ते त्या आकड्यांतून ठरवत. कोण अडचणीत आहे आणि कोण अडचणीचं सोंग करतंय, हे वही त्यांना सांगायची, असं आजी म्हणे.

या सगळ्यावर त्यांचा एकच नियम होता. गादीवर कळलेलं गादीवर राहिलं पाहिजे. दुकानाची पत मालाच्या भावावर ठरते असं लोक समजतात, पण आमच्या दुकानाची पत या न बोलण्यावर उभी होती असं मला अजूनही वाटतं. आता चुलतभाऊ दुकान बघतो. याद्या व्हॉट्सॲपवर येतात, गादीच्या जागी काउंटर आहे, आणि पैसे जमा झाले की ती छोटी पेटी रक्कम मोठ्याने सांगते. तो तिचा आवाज अगदी बारीक करून ठेवतो. कुणी किती रुपयांचं सामान नेलं हे रांगेतल्या पुढच्या माणसाला कशाला कळायला हवं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तो त्याच घरात वाढला, एवढंच.

आता ती गोष्ट, जी मला कधीची लिहायची आहे.

आमच्या दुकानात एक पितळी माप होतं, शेराचं. १९५७ साली नवे पैसे आले, १९५८ पासून किलो-ग्रॅमची वजनं येऊ लागली, आणि काही वर्षांत शेर-छटाक दुकानांतून गेले. हे माप पणजोबांच्या वेळचं, दुकानात धान्यही विकलं जायचं तेव्हाचं. त्याच्या बुडाशी सरकारी शिक्का होता. आबांनी ते गल्ल्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलं होतं आणि लक्ष्मीपूजनाला वहीच्या बाजूला त्याचीही पूजा होई. कायद्याने शेर गेला तरी खळ्यावरून तो गेला नव्हता. तिथे धान्य मापानेच मोजत. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन. चार शेर झाले की पायली. माप काठोकाठ धरायचं की शिगेने, यावरून दर सुगीला कुठे ना कुठे शब्दाला शब्द लागायचा.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आखाजी तोंडावर आली होती, आणि ते माप कोनाड्यातून नाहीसं झालं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात तिचा थाट दिवाळीला मागे टाकतो. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते. गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात. आणि शेतीचं साल इथूनच धरलं जातं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, जुनं साल आखाजीला फिटतं, नवं ठरतं. रोख रकमेसोबत त्या काळी धान्यही ठरायचं, आणि ते मालकाच्या खळ्यावर, मालकाच्या मापाने मिळायचं.

पत्त्यांच्या दिवसांत पितळेची वस्तू गेली तर संशय कुठल्या दिशेला जाणार हे ठरलेलंच. दुकानात पुड्या बांधायला एक पोऱ्या होता, तेरा-चौदा वर्षांचा, वडील नसलेला. काकांनी दुपारी आबांच्या कानाशी लागून त्याचं नाव घेतलं. मी तिथेच सुतळीचा गुंता सोडवत बसले होते. आबा म्हणाले, विचारायचं नाही. काका म्हणाले, नुसतं विचारायला काय जातं? आबा म्हणाले, आपलं काहीच जात नाही, त्याचं सगळं जातं.

तर कुणी विचारलं नाही. पण न विचारलेला प्रश्नही दुकानभर फिरत असतो. त्या मुलाला दोन दिवसांत कळलं. तो भाकरीचा फडका आत सोडायचा, ते त्याने बंद केलं आणि बाहेर ओट्यावर बसून खाऊ लागला. संध्याकाळी जाताना तो गादीसमोर उभा राही आणि स्वतःच सदऱ्याचे खिसे बाहेर काढून दाखवी. तसं करायला त्याला कुणीही सांगितलेलं नव्हतं. आबा मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहत. रहस्यकथा वाचताना खोट्या संशयिताच्या प्रकरणाशी मी दर वेळी अडखळते ते यामुळेच. लेखकाला तो वाचकाला चकवण्यापुरता हवा असतो. तो माणूस दिवसभर कसा वावरतो, हे मला तिथे फार कमी वेळा वाचायला मिळालं.

मग एका सकाळी माप कोनाड्यात परत दिसलं. दुकान उघडायच्या आधी, आतून. चिंच आणि राख लावून लखलखीत घासलेलं, आणि त्यात मूठभर ज्वारी.

काका म्हणाले, घाबरून आणून ठेवलं पोराने. आजीने माप हातात घेतलं, ज्वारी सुपात ओतली, बोटांनी पसरली आणि म्हणाली, “हाई चोरनं काम नही.”

एवढंच म्हणाली आणि आत गेली. पुढचं सगळं तिने मला माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला सांगितलं, मी माहेरी गेले होते तेव्हा, पडवीत कैऱ्या चिरता चिरता. इतकी वर्षं तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. मलासुद्धा तिने ती बाई वारल्यानंतर सांगितलं.

आजीचा हिशेब असा होता. मागून आणलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, त्यात काहीतरी घालून द्यायचं. चोर ही रीत पाळत नाही. ज्याने माप नेलं त्याने ते मनाने उसनं नेलं होतं, फक्त मागायची सोय नव्हती. चिंचेने इतकं निगुतीने घासणारा हात बाईचा. माप आतल्या बाजूने आलं, म्हणजे ती घरात ये-जा असलेली बाई. चैत्र होता, आणि आमच्याकडे पापड-बिबड्या करायला आठ-दहा जणी येत होत्या.

आणि ज्वारी दादर होती. आजीने आयुष्यभर धान्य पाखडलेलं, तिला दाणा बघूनच कळलं. आमच्या घरी त्या साली संकरित ज्वारी होती, गावात बहुतेकांकडे तीच. दादर ही आमच्याकडची रब्बीची जुनी ज्वारी. ती भारी काळ्या जमिनीत, मुरलेल्या ओलीवर पिकते, आणि आमच्या भागात अशी जमीन तापीकाठची. पापडाला येणाऱ्या बायकांपैकी एकीचा नवरा तापीकाठच्या एका पाटलांकडे सालदार होता. धान्य त्याला तिथलंच मिळायचं.

इथपर्यंत स्वयंपाकघराने सोडवलं. पुढचा धागा वहीत होता. रात्री दुकान बंद झाल्यावर आजीने पडद्याआडून आबांना त्या घरचं खातं काढायला सांगितलं. आबांनी ते काढलं, आणि दोघांनी कंदिलाशी बसून ओळीने वाचलं. त्या घराला साल फिटल्यावर मिळणारं धान्य आखाजी ते आखाजी पुरायला हवं होतं. खाणारी तोंडं तेवढीच होती. तरी तीन वर्षं लागोपाठ माघापासून त्यांच्या खात्यावर तांदळाची कणी मांडलेली होती, उधारीत, आधी थोडी, मग फाल्गुनात वाढत गेलेली. ज्वारी दर वर्षी त्याच सुमाराला संपत होती. घरात कुणी उधळणारं नव्हतं. म्हणजे ज्वारी आधीपासूनच कमी येत होती.

त्या बाईला हा संशय कधीपासून असणार. खळ्यावरच्या मापाचं बूड आतून वर ठोकलेलं असेल, तर दर शेराला थोडी थोडी ज्वारी कमी भरते आणि वर्षाच्या शेवटी दोन महिने चूल अडते. पण संशय घेऊन ती जाणार कुठे? पाटील आमचं मोठं गिऱ्हाईक. नवऱ्याचं साल आठ दिवसांवर आलेलं. जिभाऊ, तुमचं माप द्या, मला पाटलांची ज्वारी मोजून बघायची आहे, असं ती आमच्या ओट्यावर उभी राहून कशी म्हणेल? म्हणून तिने ते पदराआड नेलं. जुन्या सालातली बाजूला ठेवलेली एक पायली, खळ्यावर तिच्यासमोर मोजलेली, तिने शिक्क्याच्या मापाने परत मोजली. चार शेर भरले नाहीत. हे तिने आजीला सांगितलं नाही आणि आजीने विचारलं नाही. मापातली ती मूठभर दादर म्हणजे उसन्या भांड्याची रीतही असेल आणि सांगणंही असेल. मला वाटतं, दोन्ही.

मला ही गोष्ट इतकी वर्षं सोडत नाही, याचं कारण आबांनी पुढे जे केलं ते.

पहिलं त्यांनी पोऱ्याचं केलं. सकाळी दुकानात चार गिऱ्हाइकं असताना त्यांनी काकांना हाक मारून सांगितलं, माप मीच एकाला दिलं होतं, घरात सांगायचं माझ्याकडून राहिलं, तुम्हाला उगाच शोधाशोध करावी लागली. मग त्या मुलाला म्हणाले, बाहेर ऊन आहे, भाकरी आत बसून खा. गादीवर बसून आबा खोटं बोलल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. काका दिवसभर गप्प होते. त्यांनी आखाजीला त्या मुलाला कापड घेतलं, सदऱ्याचं आणि चड्डीचं, आणि ते स्वतः नेऊन दिलं.

दुसरं दोनच दिवसांनी झालं. पाटील सणाच्या सामानाला आले. गूळ, हरभऱ्याची डाळ, वेलदोडे, सालदारांना द्यायचं कापड त्यांनी आधीच घेतलेलं. मी गादीच्या कडेला रद्दीचे कागद कापत होते. चहा झाला. सामान बांधून झालं. मग आबांनी कोनाड्यातून माप काढलं, उपरण्याने पुसलं आणि पाटलांसमोर ठेवलं. म्हणाले, आमच्याकडे आता सगळा किलोचा कारभार, हे नुसतं पूजेला उरलंय. माप कामात असलेलं बरं. तुमच्या खळ्यावर घेऊन जा. आखाजीचा मुहूर्त आहे, यंदाचा लाभ या शिक्क्यावर धरा.

पाटलांनी माप उचललं, उलटं केलं, बुडाचा शिक्का बघितला. अंगठा त्या शिक्क्यावरून फिरवला. मग ते माप त्यांनी गुळाच्या भेलीशेजारी पिशवीत ठेवलं आणि पैसे मोजायला घेतले.

आमच्या दुकानात त्या दिवाळीपासून पूजेला माप नाही.

कथा म्हणून हे लिहायला घेते तेव्हा मी शेवटाशी अडते. त्या इंग्रजी कथांमध्ये शोध लावणारा सगळ्यांना एका खोलीत बोलावतो आणि एकेक धागा उलगडत गुन्हेगाराकडे बोट करतो. वाचक त्या क्षणासाठीच थांबलेला असतो. आमच्या गोष्टीत ती खोली भरवली असती तर पाटलांची मान खाली गेली असती, हे खरं. पण बाईचं घर उठलं असतं. तिच्या नवऱ्याला त्या काठावरच्या कुठल्याच गावात कुणी साल दिलं नसतं, आणि पुढच्या माघात कणीची उधारी मांडायलाही ती आमच्याकडे आली नसती, लाजेने. ज्यांनी कोडं सोडवलं त्या दोघांना हे पहिल्या रात्रीच दिसलं होतं. माप कुठे जायला हवं, एवढंच त्यांनी बघितलं. न्याय असा वळसा घेऊन करावा लागला याचा मला रागही येतो. पाटलांना कुणी जाब विचारला नाही. मागच्या सालांमध्ये बुडालेली ज्वारी त्या घराला परत मिळाली नाही. आबांजवळ त्यावर उत्तर नव्हतं, आणि कथेत मी ते खोटं घालणार नाही.

दुसरी अडचण शोध लावणाऱ्याची. दुकानात बसणारं माणूस कोडं सोडवतं हा त्या जातीचा नियम, आणि गादीवर आबा होते. पण दाणा ओळखला तो पडद्यामागच्या बाईने. उसन्या भांड्याची रीत तिने वाचली, खातं काढायलाही तिनेच सांगितलं. आमच्याकडच्या दुकानांवर पाटी नेहमी पुरुषाच्या नावाची असते. माझ्या कथेत निवेदन पडद्यामागून होईल, पडवीतून, सुपाच्या आवाजात जेवढं ऐकू येतं तेवढ्यातून. पुढच्या खोलीतलं बोलणं तुटक पोचेल. मला वाटतं, रहस्य त्यानेच जास्त चांगलं राहील.

पुरावा मात्र माझ्याकडे आहे. जुन्या वह्या लाल फडक्यात बांधून माळ्यावर आहेत. मागे एकदा आखाजीला गेले असताना चुलतभावाने शिडी लावली आणि आम्ही ते गाठोडं खाली घेतलं. आधीच्या सालांत कणीच्या ओळी आजीने सांगितल्या तशाच सापडल्या, माघ आणि फाल्गुनात. त्या आखाजीनंतरच्या सालात त्या खात्यावर माघ गेला, फाल्गुन गेला, कणीची एकही ओळ नाही. चैत्रात पापडखार आहे. सणाला गूळ आहे, डाळ आहे, आणि बाकी आखाजीच्या आधी फिटलेली आहे.

चुलतभाऊ म्हणतो, पाटलांना ठाऊकच नसेल. माप त्यांच्या वडिलांच्या वेळचं असेल, कधीतरी पडून बूड चेपलं असेल, सालदाराला बुडवायचं त्यांच्या मनातही नसेल. तो ते पोटतिडकीने म्हणतो. त्या घराशी त्याचा अजून व्यवहार आहे, माणसं चांगली आहेत. मी त्याच्याशी भांडत नाही. मी त्याला फक्त ती दुपार सांगते. कुणी आपल्यापुढे अचानक देव्हाऱ्यातलं माप ठेवलं, खळ्यावर ने म्हणालं, तर कुणीही पहिल्यांदा काय विचारेल? पाटलांनी ते विचारलं नाही. त्यांनी सरळ उलटं करून बूड बघितलं.